केडगावच्या भगिनी आणि त्यांचे शुभवर्तमान



श्रावण लागला म्हणजे आपल्या मंडळात पोथी लागते. एक जण वाचते, बाकीच्या ऐकतात, आणि अध्याय संपल्यावर वाती वळता वळता कोणीतरी विचारते, "याचा अर्थ काय हो?" खरे वाचन तेथून पुढे सुरू होते. नरसी हे संत नामदेवांचे गाव आपल्याच हिंगोली जिल्ह्यातले. नामदेवांच्या घरी दळण-कांडण करीत अभंग रचणाऱ्या जनाबाईचे नाव आपल्याकडे लहान मुलींच्याही तोंडी असते. तेव्हा बायकांनी एकत्र बसून ग्रंथ ऐकण्याचे आपल्याला नवल वाटत नाही.

गेल्या श्रावणात अशाच एका बैठकीला शेजारच्या एक ख्रिस्ती बाई आल्या होत्या. निघताना त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही असेच असते. आम्ही बायका आठवड्यातून एकदा जमतो आणि शुभवर्तमानाचा एकेक अध्याय वाचतो." त्यावर कोणी विचारले, "तुमच्यात बायकांनी ग्रंथ हाती घेण्याची ही चाल केव्हापासूनची?" बाईंना नेमके सांगता येईना. आम्हालाही ते ठाऊक नव्हते. पुढे स्मरणिकेसाठी काही लिहा असे कार्यवाह बाईंनी सांगितले, तेव्हा हाच प्रश्न मनात घोळत होता. त्याचे उत्तर शोधू गेले तर वाट थेट केडगावला, पंडिता रमाबाईंच्या अंगणात जाऊन पोचली. तेथे काय घडले ते या लेखात थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

शुभवर्तमान म्हणजे येशू ख्रिस्ताचे चरित्र व उपदेश सांगणारा ग्रंथ. मत्तय, मार्क, लूक व योहान यांच्या नावांची अशी चार शुभवर्तमाने आहेत, आणि ख्रिस्ती लोकांच्या नव्या कराराचा आरंभ त्यांनीच होतो. ही कथा मराठी कानावर पडली त्याला आता चारशेहून अधिक वर्षे झाली. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्यात राहून आपली भाषा आत्मसात केली आणि 'क्रिस्तपुराण' हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. तो १६१६ साली रायतूर येथे रोमन अक्षरांत छापला गेला. त्यापुढे दोनशे वर्षांनी विल्यम कॅरे यांनी बंगालमधील श्रीरामपूर येथून १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत काढले. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत आले. त्यांच्या खटपटीने १८२६ साली नवा करार आणि १८४७ साली संपूर्ण बायबल मराठीत छापून निघाले.

ग्रंथ मराठीत आला खरा, पण तो वाचणार कोण? मुंबईत अमेरिकन मिशनने मुलींची शाळा काढली ती १८२४ साली. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांची शाळा निघाली ती १८४८ साली. मुलीच्या हाती पाटी दिली तर अनर्थ होईल, असे मानणाऱ्या घरांची संख्या त्यानंतरही कितीतरी वर्षे मोठीच होती. आपला मराठवाडा तर निजामाच्या राज्यात. येथे ही वाट आणखी उशिरा उघडली. अक्षरच ओळखीचे नाही, तेथे ग्रंथ कोणत्या धर्माचा हा प्रश्न पुढचाच.

या पार्श्वभूमीवर रमाबाईंचे बालपण पाहावे. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविले, म्हणून उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे त्यांना त्या कृत्याचे समर्थन करावे लागले. पुढे त्या माउलीने पहाटे उठवून आपल्या लेकीला संस्कृत शिकविले. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते. कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरले. दुष्काळाच्या दिवसांत आई-वडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास व रमाबाई पायी फिरत १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या.

कलकत्त्यातील दोन प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. केशवचंद्र सेन यांनी वेद वाचलेत का म्हणून रमाबाईंना विचारले आणि एक वेदग्रंथ त्यांच्या हाती ठेवला. स्त्रियांना वेदाचा अधिकार नाही असे ऐकतच त्या वाढल्या होत्या, त्यामुळे त्यांना आश्चर्य वाटले. दुसरा प्रसंग ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्यातला. तेथे त्यांना संस्कृत बायबल भेट मिळाले. रमाबाईंनी ते उघडून पाहिले, पण ते संस्कृत त्यांच्या ओळखीच्या संस्कृतासारखे नव्हते. अर्थ लागेना, तेव्हा त्यांनी ते पुस्तक बाजूस ठेवले. एवढ्या मोठ्या पंडितेला जी भाषा परकी वाटली, ती साध्या बाईला कशी वाटेल? हा प्रश्न पुढे त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीची बंधने मोडून विवाह केला. सिलचर येथील घरी पुस्तके चाळताना एकदा त्यांच्या हाती एक लहानसे पुस्तक लागले. ते लूकाचे शुभवर्तमान होते, बंगालीत. घरात ते कसे आले ते त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी ते मोठ्या आवडीने वाचले. पतीला मात्र पत्नीने ख्रिस्ती व्हावे हे मुळीच मान्य नव्हते. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेला. पदरी मनोरमा ही लहानगी मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या आणि त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आपल्यासारख्या महिला मंडळांच्या पूर्वजांत त्या समाजाचे नाव घ्यावे लागेल. पुण्यातच मिस हरफर्ड नावाच्या बाई त्यांच्याकडे येऊन मराठीतून नवा करार शिकवू लागल्या.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. या भगिनींनी लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालविला होता. तो पाहून रमाबाई थक्क झाल्या. ज्यांचे तोंड पाहू नये असे जग म्हणते, त्यांना या बायका मायेने वागवितात, याचे कारण काय? असे त्यांनी आपल्या शिक्षिकेला विचारले. शिक्षिकेने व्याख्यान दिले नाही. तिने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढला आणि दोघी तो वाचू लागल्या.

त्या अध्यायातील कथा आपल्या भागातल्या बायकांना परकी वाटू नये. भर दुपारची वेळ. एक शोमरोनी बाई विहिरीवर पाण्याला येते. तेथे येशू दमून बसलेला असतो. तो यहूदी; आणि यहूदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. ती चकित होते: तुम्ही आणि माझ्याकडे पाणी मागता? मग बोलणे वाढते. तिचा संसार पाच वेळा मांडून मोडलेला आहे, हे त्याला ठाऊक असते. तरी तो तिला हिडीसफिडीस करीत नाही. उलट तीच त्याला धर्माचा प्रश्न विचारते, की देवाची भक्ती आमच्या डोंगरावर करायची की तुमच्या यरुशलेमात? तो सांगतो, की खरी भक्ती स्थळाची नसून अंतःकरणाची व सत्याची आहे. ती बाई घागर तेथेच ठेवून गावात धावते आणि सर्वांना बोलावून आणते. शेवटी गावकरी तिला म्हणतात, की आता केवळ तुझ्या सांगण्यावरून आमचा विश्वास नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे.

पाण्यावरचा विटाळ, भर दुपारची विहीर, एकटी पडलेली बाई आणि तिने विचारलेला शास्त्रार्थ: रमाबाईंना यातले काय भिडले असेल ते सांगायला नको. हा अध्याय वाचल्यावर आपली खात्री पटली, असे त्यांनीच पुढे आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

परंतु बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी प्रश्न विचारणे सोडले नाही. चर्चच्या सिद्धान्तांवर त्यांनी मठातील भगिनींशी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. ग्रंथ वाचून आपल्या बुद्धीला जे पटेल तेच आपण मानू, हा त्यांचा बाणा होता. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, आमचे संस्कृत काय वाईट आहे, असेही त्यांनी निक्षून विचारले. धर्म बदलला तरी त्यांनी आपली भाषा बदलली नाही आणि मानही वाकविली नाही.

अमेरिकेत जाऊन त्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी मदत मिळविली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलले. तेथे धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती नव्हती. मात्र रमाबाई स्वतःची प्रार्थना व वाचन करीत तेव्हा दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात वादळ उठले. वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. टीकाकारांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. जी मुलगी अन्नवस्त्रासाठी तुमच्या आधारावर आहे, तिची निवड मोकळी कशी म्हणावी, असा तो प्रश्न होता. रमाबाईंचे उत्तर असे, की दार लावून घेणे मला जमणार नाही, आणि येणाऱ्या मुलीला आपले मन आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे आजही विचार करायला लावते. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजू विसरल्या नाहीत तर बरे. विधवा मुलगी काय ऐकते आणि काय वाचते याचा एवढा विचार पुण्याने तोवर केला नव्हता.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्यांचे आई-बाप अन्नान्न करून मेले, त्या रमाबाई स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. पुणे-सोलापूर लोहमार्गावर, दौंडच्या अलीकडे केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली होती. तेथे विहिरी खणल्या, झोपड्या बांधल्या आणि मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. अंध बायकांच्या घराला 'बार्तीमी सदन' हे नाव मिळाले. मार्काच्या शुभवर्तमानात येशूला रस्त्यावरून हाक मारणारा बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी आहे, त्याच्यावरून ते ठेवलेले. अंध मुलींना तेथे ब्रेल लिपी शिकविली गेली, म्हणजे डोळे नसलेल्यांनाही ग्रंथ बोटांनी वाचता यावा.

केडगावच्या त्या बायकांचा दिवस कष्टाचा असे. शेत, गाई-गुरे, विणकाम, स्वयंपाक, दळण या सर्वांबरोबर अक्षरओळख चाले, आणि अक्षरे आली की शुभवर्तमान हाती येई. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज एकत्र प्रार्थनेला कोण येईल, असे विचारले, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली आणि त्यांच्या बैठका दिवसातून दोनदा भरू लागल्या. त्या जूनमध्ये तेथे धर्मजागृतीची मोठी लाट आली. बायका मोठमोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. जगभरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत तिची वार्ता गेली. काहींनी तिला ईश्वरी कृपा म्हटले, काहींना ते भावनेचे उधाण वाटले. ते काहीही असो. जन्मभर ज्यांना तोंड उघडू दिले नव्हते, त्यांचा आवाज त्या दिवसांत प्रथमच घराबाहेर ऐकू आला. त्यांतल्या अनेक जणी टोळ्या करून आसपासच्या गावी जात, आणि तेथल्या बायकांना वाचून दाखवीत.

येथेच रमाबाईंना जुनी अडचण पुन्हा भेटली. छापील मराठी बायबलची भाषा या बायकांना जड जाई. कोठे संस्कृत शब्दांचा भार, तर कोठे शब्दांना चिकटलेले जुने अर्थ आड येत. कलकत्त्यात आपण न समजणारे पुस्तक बाजूस ठेवले, तसे या बायकांनी का ठेवू नये? तेव्हा रमाबाईंनी ठरविले, की मूळ भाषांवरून सोप्या मराठीत सबंध बायबल आपणच उतरायचे. वयाच्या पंचेचाळिशीनंतर त्या हिब्रू व ग्रीक या भाषांच्या अभ्यासाला बसल्या, आणि आपल्या काही मुलींनाही त्यांनी त्या शिकविल्या. भाषांतर शब्दाला धरून, पण बोलीतल्या शब्दांत करायचे, हा त्यांचा कटाक्ष. काम होते केडगावच्याच छापखान्यात. खिळे जुळविणे, मुद्रिते तपासणे, छापणे, बांधणे ही सर्व कामे बायकाच करीत. दुष्काळात रस्त्यावर सापडलेल्या मुलीने शिशाचे खिळे जुळवून शुभवर्तमानाचे पान उभे करावे, हे दृश्य डोळ्यांपुढे आणून पाहावे. त्या काळी अशा कामासाठी पुरुषांतही शिकलेले कारागीर शोधावे लागत.

हे काम सुमारे पंधरा-सोळा वर्षे चालले. त्याच काळात, १९१२ च्या सुमारास, रमाबाईंनी निजामाच्या राज्यात गुलबर्गा येथे शाळा काढली आणि मनोरमाबाई तिच्या मुख्य झाल्या. तेव्हा गुलबर्गा आणि आपली हिंगोली एकाच राज्यात होती, हे येथे सांगण्यासारखे आहे. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक मुलगी गेली तरी आईने मुद्रिते तपासणे थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांचे संपूर्ण मराठी बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. एका बाईने एकटीने केलेले सबंध बायबलचे असे भाषांतर जगात क्वचितच आढळेल. चर्चमधून पुढे बायबल सोसायटीचेच भाषांतर रूढ राहिले, ही गोष्टही खरी. पण कामाचे मोल केवळ खपावर ठरत नाही.

याच काळात नगर जिल्ह्यात दुसऱ्या एका घरी असेच काही घडत होते. कवी नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या होत्या. त्या पुढे नवऱ्याजवळ आल्या, पण नवऱ्यामागून डोळे मिटून गेल्या नाहीत. जातपात माणसाने केली की देवाने, याचा त्यांनी स्वतः विचार केला आणि मग पाऊल टाकले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य अपुरे राहिले होते, ते पुढे नेले तेही त्यांनीच. स्टीफन्सने गोव्यात जी ओवी हाती धरली, तीच तीनशे वर्षांनी एका मराठी गृहिणीने उचलली, आणि या वेळी कथा सांगणारी बाई होती.

आमच्या शेजारच्या बाई आठवड्यातून एकदा जी बैठक भरवितात, तिच्यामागे हा एवढा इतिहास आहे. पुढच्या बैठकीला मी त्यांच्या घरी गेले होते. आठ-दहा जणी सतरंजीवर बसल्या होत्या. एक आजी चष्मा पुशीत हळूहळू वाचीत होत्या, आणि अडले की शेजारची सून शब्द सांगत होती. योगायोग असा, की अध्याय विहिरीवरच्या बाईचाच होता. वाचन संपल्यावर एका मुलीने विचारले, "तिने घागर तिथेच का ठेवली?" कोणी म्हणाली, घाई होती म्हणून. कोणी म्हणाली, परत यायचेच होते म्हणून. आजी म्हणाल्या, "त्याला पाणी प्यायचे होते ना, त्याच्यासाठी ठेवली." असा अर्थ मला काही सुचला नव्हता.

धर्म ज्याचा त्याचा. पण ग्रंथ दुसऱ्याने वाचावा आणि आपण मान डोलवावी, हे दिवस आपल्या आज्यांनी आणि पणज्यांनी फार सोसले. ते दिवस पालटण्यासाठी कोणी उडुपीच्या सभेत उभे राहिले, कोणी पुण्यात शेण झेलले, कोणी उतारवयात हिब्रू शिकले. आपल्या मंडळात वाचता न येणाऱ्या काही जणी आजही आहेत. त्या ऐकतात छान, पण पोथी हाती घ्यायला संकोचतात. येत्या वर्षात आपण दुपारचा एक तास त्यांच्यासाठी काढावा, आणि पुढच्या श्रावणात निदान एक अध्याय तरी त्यांच्या तोंडून ऐकावा, अशी मंडळापुढे माझी सूचना आहे.